दुवा का जोडला, हेही लिहा

बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल महाराष्ट्रात वाचायला पुष्कळ मिळतं आणि ऐकायला त्याहून जास्त. सरकारी अहवाल आहेत, अर्थशास्त्रज्ञांचे निबंध आहेत, आत्मचरित्रांतली पानं आहेत, गावोगावच्या वयस्कर माणसांच्या आठवणी आहेत. समजा, या विषयाने तुम्हाला धरलं. वर्षभर मिळेल ते वाचलंत, रेघा मारल्यात, पानांचे फोटो काढलेत, दोन-चार जणांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलंत. वर्ष सरताना कुणी विचारलं, "रोजगार हमी योजना या दुष्काळातूनच निघाली ना?" उत्तर वाचलंय हे नक्की आठवतं. पण कुठे वाचलं, कोणत्या पानावर, आणि त्याच्या विरुद्ध सांगणारं आणखी काय वाचलं होतं, ते हाती लागत नाही. साठा वाढत गेला, संबंध जुळले नाहीत.

हे संबंध जुळवण्याचं काम टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं, ते याच विषयाच्या आधाराने पहिल्या फाइलपासून पाहू. सॉफ्टवेअर ऑब्सिडियन घेऊ. शिडा ली आणि एरिका शू या दोघांनी ते २०२० मध्ये लोकांपुढे आणलं. ते फुकट वापरता येतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं. ते मुक्त स्रोत नाही. तसं हवं असेल तर लॉगसेक आहे. तिथेही दुव्यांची पद्धत जवळपास हीच, फक्त मजकूर परिच्छेदांऐवजी एकाखाली एक मुद्द्यांच्या उतरंडीत लिहावा लागतो.

ऑब्सिडियन निवडण्याचं कारण एकच, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमचं प्रत्येक टिपण ही तुमच्याच संगणकावरची एक साधी मजकुराची फाइल असते. ऑब्सिडियन ज्याला व्हॉल्ट म्हणतं तो निव्वळ एक फोल्डर असतो. तो दुसरीकडे कॉपी करता येतो, पेन ड्राइव्हवर नेता येतो, ऑब्सिडियन काढून टाकलं तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. फाइलमधलं लेखन मार्कडाउन या पद्धतीचं असतं. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये मांडली. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह आणि मोकळी जागा दिली की शीर्षक होतं, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की तो ठळक होतो. सुरुवातीला एवढं पुरतं. वीस वर्षं जमवायच्या गोष्टी एखाद्या कंपनीच्या बंद पेटीत ठेवू नयेत. कंपन्या बंद होतात, विकल्या जातात, अटी बदलतात. साधी मजकुराची फाइल मात्र उद्याच्या कुठल्याही यंत्राला वाचता येईल.

व्हॉल्ट तयार केलात की पहिला मोह फोल्डर पाडण्याचा होतो: शेती, अर्थकारण, राजकारण, पाणी, आठवणी. तो आवरा. पाणी जमिनीत मुरवण्यासाठी दुष्काळी कामांतून बांधलेल्या पाझर तलावावरचं टिपण पाण्यात ठेवायचं, शेतीत की रोजगारात? फाइल एकाच फोल्डरमध्ये राहू शकते आणि विचार कधीच एका खणात मावत नाही. दोनच फोल्डर करा. एकात तुम्ही काय वाचलंत-ऐकलंत त्याच्या नोंदी, म्हणजे स्रोत. दुसऱ्यात त्यातून तुम्हाला काय कळलं ती टिपणं.

आधी स्रोताची नोंद. समजा, ज्याँ द्रेझ यांचा भारतातल्या दुष्काळ-निवारणावरचा दीर्घ निबंध तुम्ही वाचताय. त्यांनी आणि अमर्त्य सेन यांनी संपादित केलेल्या 'द पॉलिटिकल इकॉनॉमी ऑफ हंगर' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तो १९९० मध्ये आला आणि महाराष्ट्रातल्या १९७०–७३ च्या दुष्काळाचा त्यात तपशीलवार अभ्यास आहे. या निबंधाची एक फाइल. वर लेखक, ग्रंथ, वर्ष, तुमच्याकडची प्रत कुठे आहे ते. खाली वाचताना लक्षात आलेल्या गोष्टी, प्रत्येकीपुढे पान क्रमांक. पान क्रमांक टाळलात तर सहा महिन्यांनी ते टिपण ऐकीव गोष्टीच्या पायरीवर येतं. मजकूर जसाच्या तसा उतरवला असेल तर अवतरणचिन्हं लगेच घाला, नाहीतर पुढे दुसऱ्याचं वाक्य आणि आपलं वाक्य यांतला फरक आपल्यालाही सांगता येत नाही. संदर्भांची संख्या शेकड्यात गेली तर झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर जोडीला घ्यावं. चाळीस-पन्नास स्रोतांपर्यंत साध्या फाइली पुरतात.

तोंडी आठवणीची नोंदही अशीच, पण तिला जास्त जपावं लागतं. सांगणाऱ्याचं गाव, तेव्हाचं त्यांचं वय, कोणत्या तारखेला बोलणं झालं, नाव वापरायची परवानगी आहे की नाही. खडी फोडायला कोण कोण जायचं, कामावर मिळणारी सुकडी कशी लागायची, रेशनवरच्या अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी कशा व्हायच्या, हे अहवालात सापडणार नाही. ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि आठवण कागदाशी जुळली नाही तर दोन्ही ठेवा, एकीला दुसरीत विरघळवू नका. लोक 'बाहत्तरचा दुष्काळ' म्हणतात. नोंदी सांगतात की पावसाने त्याआधीपासूनच दगा द्यायला सुरुवात केली होती, आणि दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते तो महिना मे १९७३ चा. मग लोकांच्या मनात बाहत्तर हेच वर्ष का कोरलं गेलं? हा प्रश्न म्हणजे स्वतंत्र टिपणाचा विषय झाला.

आता दुसऱ्या फोल्डरकडे येऊ, कारण खरा संग्रह तिथे घडतो. इथे नियम असा: एका टिपणात एकच गोष्ट, आणि शीर्षक हे वाक्य. 'दुष्काळ – माहिती' अशा नावाची फाइल केलीत की ती फुगत जाते, तिच्यात काहीही ओतता येतं आणि तिच्याकडे नेमकं बोट दाखवणारा दुवा कधीच देता येत नाही. त्याऐवजी शीर्षक द्या: 'बाहत्तरच्या दुष्काळात मजुरी हाच जगण्याचा आधार झाला'. या वाक्यात विधान आहे. त्याच्याशी सहमत होता येतं, भांडता येतं, पुरावा मागता येतो. खाली चार-सहा वाक्यांत तुमच्या शब्दांत स्पष्टीकरण: पिकं गेली, शेतातलं काम गेलं, तेव्हा सरकारी कामांवरच्या हजेरीने घरात रोख पैसा येत राहिला आणि बाजारातलं धान्य घेण्याची ऐपत टिकली. शेवटी स्रोताच्या नोंदीचा दुवा आणि पान क्रमांक. बस्स.

स्वतःच्या शब्दांत लिहिणं ही इथली सगळ्यात वेळखाऊ पायरी आहे आणि ती गाळता येत नाही. पान वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून चार वाक्यं लिहायला बसलं की कुठे समजलं नव्हतं ते उघडं पडतं. मजुरी रोख मिळायची की धान्यात? आठवड्याने की पंधरवड्याने? उत्तर माहीत नसेल तर टिपणात तसं लिहा आणि शेजारी #तपासायचं अशी खूण टाका. ऑब्सिडियनमध्ये हॅशला चिकटून लिहिलेला शब्द टॅग बनतो आणि तो देवनागरीतही चालतो. टॅग एवढ्याच कामासाठी ठेवा: अपुरं काय आहे, तपासायचं काय आहे. विषयांसाठी टॅग करायला गेलात की फोल्डरांचाच पसारा नव्या रूपात परत येतो.

आता दुवा. मजकुरात दोन चौकटी कंस उघडून शब्द लिहायला लागलात की तुमच्या टिपणांची यादी खाली उघडते. त्यातलं एक निवडलं की [[पाझर तलाव]] असं दिसतं आणि त्यावर क्लिक केलं की ते टिपण उघडतं. विकिपीडियावर संपादन केलेल्यांना हे कंस ओळखीचे असतील. त्या नावाचं टिपण अजून नसेल तरी दुवा देता येतो. तो फिका दिसतो आणि क्लिक केलं की त्या नावाची कोरी फाइल तयार होते. म्हणजे पुढे काय लिहायचं आहे याची यादी लिहिता लिहिताच होत जाते. एखाद्या टिपणाचं नाव ऑब्सिडियनमधून बदललं तर त्याच्याकडे येणारे सगळे दुवे आपोआप दुरुस्त होतात, म्हणून पहिल्याच झटक्यात शीर्षक अचूक जमलं पाहिजे असा ताण घेऊ नका.

दुव्याची दुसरी बाजू म्हणजे बॅकलिंक. 'पाझर तलाव' हे टिपण उघडून बाजूचा बॅकलिंकचा रकाना पाहिलात तर कोणकोणत्या टिपणांनी इकडे बोट दाखवलंय त्यांची यादी दिसते. नुसती नावं नव्हेत, तर प्रत्येक टिपणातला ज्या ओळीत दुवा आहे तो मजकूरही दिसतो. सगळी मेख इथे आहे. तुम्ही एखाद्या टिपणाच्या तळाशी 'हेही पाहा: [[पाझर तलाव]]' असं लिहून मोकळे झाला असाल, तर दोन वर्षांनी बॅकलिंकच्या रकान्यात तुम्हाला काय दिसेल? 'हेही पाहा'. का पाहायचं, ते तुम्ही विसरलेले असाल आणि यंत्राला ते कधीच माहीत नव्हतं. त्याऐवजी असं लिहा: 'दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरांतूनच मुरतं, त्यामुळे जागा चुकली की [[पाझर तलाव]] भरूनही खालच्या विहिरींना फारसा लाभ होत नाही.' आता रकान्यात पूर्ण विचार वाचायला मिळतो. तो भूशास्त्राच्या, कदाचित किल्ल्यांच्या हौसेपोटी लिहिलेल्या टिपणातून आलेला असतो आणि दुष्काळी कामांवर विचार करताना आयता समोर येतो.

टिपणांबद्दल मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची असेल तर ती ही: दुवा म्हणजे संबंध नव्हे. संबंध त्या दुव्याभोवतीच्या वाक्यात असतो. ते वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात, कधी अर्धा तास लागतो. कधी ते लिहिताच येत नाही, आणि मग कळतं की संबंध नव्हताच, फक्त शब्द सारखे होते. असा दुवा काढून टाकावा.

एक पूर्ण उदाहरण पाहू. तुमच्याकडे एक टिपण आहे: 'रोजगार हमीची कल्पना दुष्काळाआधीची आहे'. वि. स. पागे यांच्या विचारातून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात तिचा प्रयोग आधीच झाला होता. दुष्काळात सरकारला लाखो माणसांना काम देण्याचा अनुभव आला, पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशपातळीवरचा कायदा २००५ मध्ये आला. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आलं. दुसरं टिपण पगाराच्या स्लिपबद्दलचं आहे, आयकराचा हिशेब समजून घेताना केलेलं: महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, म्हणून अनेकांच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० दिसतात. हा कर कशासाठी, हे शोधताना १९७५ चा कायदा सापडतो. तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरता केला गेला होता. मग दुव्याशेजारचं वाक्य असं होतं: 'शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, हे नातं महाराष्ट्राने [[रोजगार हमीची कल्पना दुष्काळाआधीची आहे|रोजगार हमी]]साठी कायद्याने बांधलं.' दोन टिपणं वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या महिन्यांत झाली. एक दुष्काळाची, दुसरी घरच्या हिशेबाची. विषयवार फोल्डर केले असते तर ती कधी भेटली नसती.

तिसरं टिपण पाणी पंचायतीचं. दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणीवाटपाचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नाही तर घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनांनाही तो मिळाला, आणि ऊस लावायचा नाही असं ठरलं. हे टिपण रोजगार हमीला जोडताना थांबावं लागतं. दोन्ही दुष्काळातून वर आलेल्या गोष्टी, एवढं म्हणणं पुरेसं नाही. विचार करता करता वाक्य सापडतं: 'एका ठिकाणी माणसाला कामाचा हक्क मिळाला, दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा; दोन्हीकडे हक्क मोजायचं माप जमीन नव्हती, माणूस होता.' हे वाक्य दोन्ही स्रोतांत नाही. ते तुमचं आहे, आणि ते स्वतंत्र टिपण व्हायच्या योग्यतेचं आहे. सॉफ्टवेअरने ते सुचवलं नाही. दोन टिपणं समोरासमोर आणून कारण मागितलं, तेव्हा ते लिहावं लागलं.

कार्डांचा जुना अनुभव

ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान (१९२७–१९९८) यांनी चार दशकांहून अधिक काळ कागदाच्या कार्डांवर टिपणं लिहिली. सुमारे ९०,००० कार्डं लाकडी खणांत होती. त्यांची मांडणी विषयवार किंवा अक्षरवार नव्हती. २१ क्रमांकाच्या कार्डावरचा विचार पुढे जायचा असेल तर २२, पण त्यातल्याच एका मुद्द्याला फाटा फुटला तर २१अ, त्यालाही फाटा फुटला तर २१अ१, अशा धर्तीवर. नवं कार्ड कुठे ठेवायचं हे ठरवताना प्रत्येक वेळी विचारावं लागे की हे कशाला उत्तर देतंय, कशाचं पुढचं पाऊल आहे. १९८१ मध्ये त्यांनी या खणांशी होणाऱ्या संवादावरच एक निबंध लिहिला. आज त्यांची कार्डं डिजिटल करून इंटरनेटवर पाहण्यासाठी खुली करण्याचं काम बीलेफेल्डमध्ये चाललं आहे.

आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याहून प्रचंड काम झालं. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत कोशाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, शब्द कुठे कोणत्या अर्थाने आला याच्या जवळपास एक कोटी स्लिपा तयार झाल्या. त्या लावल्या आहेत अक्षरक्रमाने, आणि तसंच हवं. तिथे पन्नास वर्षांनी येणाऱ्या कोणाही अभ्यासकाला ठरावीक शब्द ठरावीक खणात मिळाला पाहिजे. लूमान यांचा संग्रह एकाच माणसाच्या विचारासाठी होता, त्यामुळे तो विचाराच्या क्रमाने वाढला. आपला संग्रह सुरू करताना हा फरक ध्यानात असू द्या. सार्वजनिक कोशाला सर्वांना समजेल असा क्रम लागतो, वैयक्तिक संग्रहाला आपले संबंध लागतात. लूमान यांना कार्डाची जागा एकदाच ठरवता येत होती आणि बाकी संबंध क्रमांक लिहून दाखवावे लागत. आपल्याला जागा ठरवावीच लागत नाही. हा फायदा मोठा आहे, पण जागा ठरवताना त्यांना जो विचार करावा लागे तोही त्यामुळे टळतो. तो विचार आपण दुव्याशेजारच्या वाक्यात वसूल करायचा.

मराठीत लिहिताना

इंग्रजीतली मार्गदर्शनं ज्या गोष्टीबद्दल काही सांगत नाहीत ती अशी: मराठीत शब्द विभक्ती लागताना आतून बदलतो. 'विहीर' शोधलंत तर 'विहिरीत' सापडत नाही, कारण दीर्घ ईकार ऱ्हस्व झालेला असतो. 'पाऊस' शोधलं तर 'पावसाचा' हुकतो, 'पाणी' शोधलं तर 'पाण्याला'. संगणक अक्षरं जुळवतो, व्याकरण जाणत नाही. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही वापरावेत.

पहिला, दुव्यात उभी रेघ वापरणं. [[विहीर|विहिरींच्या]] असं लिहिलं की वाचताना 'विहिरींच्या' दिसतं आणि दुवा मात्र 'विहीर' या टिपणाला जातो. वाक्य मराठी राहतं. ज्यांची शीर्षकं वाक्यासारखी आहेत त्यांना तर ही सोय सतत लागेल, रोजगार हमीच्या वरच्या उदाहरणात ती वापरलीच आहे. दुसरा, टिपणाला पर्यायी नावं देणं. टिपणाच्या माथ्यावर गुणधर्मांचा भाग असतो, त्यात एलियसेस या नावाखाली 'विहिरी, विहिरीचं, आड, बारव' अशी रूपं आणि जवळचे शब्द लिहून ठेवले की दुवा देताना यातलं कोणतंही लिहिलं तरी तेच टिपण पुढे येतं. तिसरा उपाय शोधण्याच्या वेळचा. शोधाच्या खिडकीत दोन तिरप्या रेघांमध्ये /विहीर|विहिर/ असं लिहिलं तर दोन्ही रूपं सापडतात. तसंच /पाऊस|पावस/ आणि /पाणी|पाण्य/. आपल्या विषयातले दहा-बारा नेहमीचे शब्द घेऊन अशा ओळी एका टिपणात लिहून ठेवाव्यात आणि गरजेला तिथून उचलाव्यात.

आकड्यांचंही ठरवून टाका. १९७२ हे देवनागरी आकड्यांत लिहिलं तर इंग्रजी आकड्यांच्या शोधात ते येणार नाही, आणि 'बाहत्तर' तर दोन्हींत नाही. एक पद्धत धरून ती शेवटपर्यंत पाळा.

कळफलकाची अडचण वेगळी. इनस्क्रिप्ट मांडणीत चौकटी कंसांच्या कळांवर 'ड' आणि नुक्ता आहेत, म्हणून प्रत्येक दुव्यासाठी इंग्रजी कळफलकावर जाऊन परत यावं लागतं आणि लिहिण्याची लय तुटते. ऑब्सिडियनच्या सेटिंग्जमध्ये अंतर्गत दुवा घालण्याच्या आज्ञेला हवा तो शॉर्टकट देता येतो, तो आधी देऊन ठेवा. मोबाइलवर कळफलकाच्या वरच्या पट्टीत दुव्याचं बटण असतं.

शीर्षकाच्या लांबीलाही मर्यादा आहे, आणि मराठीत ती लवकर गाठली जाते. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंत जाऊ शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं स्वतंत्र चिन्ह धरलं जातं. म्हणजे शेवटचा फाइलप्रकार वजा करता जेमतेम ८४ चिन्हं उरतात. विंडोजवर सहज चाललेलं लांबलचक शीर्षक मोबाइलवर नेताना अडकतं ते यामुळे. वाक्य दहा-बारा शब्दांच्या आत ठेवा. विधान नेमकं असेल तर ते तेवढ्यात बसतं. शीर्षकात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम आणि तिरपी रेघ टाळा, फाइलच्या नावात ही चिन्हं अडचण करतात.

जुन्या मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की कधी कधी अगम्य रोमन अक्षरं उमटतात. तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला असतो, आणि अशा फाइलीत शोध चालत नाही. स्कॅन केलेल्या पानांसाठी चित्रातली अक्षरं ओळखणारी साधनं आहेत, मुक्त स्रोतातलं टेसरॅक्ट मराठी ओळखतं. पण रफार, जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांखालून घातल्याशिवाय टिपणात घेऊ नका.

नकाशाचं टिपण

पंधरा-वीस टिपणं जमली की एक नवा प्रकार लागतो: दुष्काळाच्या सगळ्या टिपणांना क्रमाने जोडणारं टिपण. याला अनेक जण नकाशा म्हणतात. यात दुव्यांची यादी करू नका, परिच्छेद लिहा. पाऊस कसा गेला, कामं कशी निघाली, लोक काय खात होते, कोण शहराकडे गेले, पुढे कायदे काय झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर त्या त्या टिपणाचा दुवा वाक्यात गुंफलेला. व्हॅनिव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात मेमेक्स नावाच्या एका काल्पनिक यंत्राची कल्पना मांडली होती. तिचा गाभा हाच होता: वाचणाऱ्याने कागदपत्रांमधून स्वतःची वाट आखावी आणि ती जपून ठेवावी, म्हणजे पुढे ती दुसऱ्यालाही देता येईल. ते यंत्र कधी बनलं नाही, पण नकाशाच्या टिपणात ती वाट सहज आखता येते. एकाच टिपणातून दोन-तीन नकाशे जाऊ शकतात. पाझर तलावाचं टिपण दुष्काळाच्या नकाशातही येईल आणि भूजलाच्याही.

ऑब्सिडियनमध्ये सगळ्या टिपणांचं जाळं ठिपक्या-रेघांत दाखवणारं आलेख-दृश्यही आहे. ते देखणं आहे आणि नव्या माणसाला त्याचीच भुरळ पडते. माझ्या मते पूर्ण आलेखातून फारसं हाती लागत नाही. उपयोगी आहे तो एका टिपणापुरता स्थानिक आलेख, कारण उघडलेलं टिपण एकटं पडलं असेल तर ते त्यात चटकन दिसतं.

जोडणीसाठी मिळणारी असंख्य प्लगिन सुरुवातीला नकोतच. बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या प्लगिनला तुमच्या फाइलींपर्यंत पोचता येतं, आणि तुमच्याकडे कुणी विश्वासाने सांगितलेल्या आठवणी असतील तर हा विचार करायलाच हवा. आठवड्याला पूर्ण फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. संगणक आणि मोबाइल यांच्यात फाइली जुळवण्यासाठी ऑब्सिडियनची सशुल्क सेवा आहे, क्लाउडही चालतं. पण एकाच फोल्डरवर दोन सेवा एकदम लावू नका, एकाच टिपणाच्या दोन-दोन प्रती तयार व्हायला लागतात.

हल्ली टिपणं लिहून देणारी, सारांश काढणारी यंत्रबुद्धीही हाताशी आहे. दीडशे पानांच्या अहवालात पाझर तलावांचा उल्लेख कुठे आहे हे तिला जरूर विचारा, आणि मग ते पान स्वतः उघडून वाचा. टिपण आणि दुव्याशेजारचं वाक्य मात्र तिच्याकडून लिहून घेऊ नका. ते वाक्य घडवताना तुमच्या डोक्यात जे जुळतं त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. तयार वाक्य चिकटवलं तर फोल्डर भरेल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

लेख लिहायची वेळ आली की संग्रहाचा कस लागतो. समजा, दिवाळी अंकासाठी विषय ठरला: 'बाहत्तरच्या दुष्काळाचं शहराशी नातं'. कोरी फाइल उघडा. नकाशाच्या टिपणातून आणि व्यवसाय कराच्या, स्थलांतराच्या, रेशनवरच्या मिलोच्या टिपणांच्या बॅकलिंकमधून लागणारी टिपणं या फाइलीत आणा. दुव्याच्या आधी उद्गारचिन्ह दिलं तर त्या टिपणाचा पूर्ण मजकूर तिथेच उघडा दिसतो. आता त्यांचा क्रम लावा, वर-खाली करा. दहा टिपणं क्रमाने समोर आली की लेखाचा सांगाडा दिसायला लागतो आणि त्यातल्या मोकळ्या जागाही दिसतात. मजुराला काम मिळालं, त्या कामातून पाझर तलाव झाले, पुढे पगारदाराकडून कर आला. पण त्या तलावांचं पुढे काय झालं, गाळ किती साचला, खालच्या विहिरी किती वर्षं टिकल्या, यावर तुमच्याकडे एकही टिपण नाही. तो प्रश्नच शीर्षक करा, 'बाहत्तरचे पाझर तलाव आज कोणत्या अवस्थेत आहेत', खाली #तपासायचं लिहा, आणि कुठल्या टिपणातून हा प्रश्न उभा राहिला ते एका वाक्यात लिहून त्याचा दुवा द्या. पुढच्या वेळी तालुक्याच्या जलसंधारण कार्यालयात किंवा एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीत जाल तेव्हा मोबाइलवर हे टिपण उघडून चौकशीला तिथून सुरुवात करता येईल.